वाड्याभोवतीचा वाडा : इंग्लंडमधील जमीनदारी घरांच्या बागभिंती, द्वारे आणि उद्यानगृहे

इंग्लंडमधील 'कंट्री हाउस', म्हणजे जमीनदार घराण्याने आपल्या जमिनींच्या मधोमध उभारलेला ग्रामीण वाडा, हा स्थापत्याच्या इतिहासकारांचा आवडता विषय असला, तरी त्या वाड्याभोवतीच्या बागेच्या भिंती, भिंतींतील प्रवेशद्वारे आणि बागेच्या कोपऱ्यांत बांधलेली लहान उद्यानगृहे यांची बोळवण बहुतेक ग्रंथांत मुख्य इमारतीच्या वर्णनानंतर एखाद्या परिच्छेदात केली जाते. हा क्रम न्याय्य नाही. साधारण १५५० ते १७१० या काळात इंग्रज जमीनदाराच्या दृष्टीने बाग म्हणजे छत नसलेल्या दालनांची मालिका होती, आणि ज्या पाथरवटांनी वाडा रचला त्यांनीच, बहुधा त्याच खाणीतल्या दगडात, या दालनांच्या भिंती, दारे आणि कोपऱ्यांतल्या खोल्याही रचल्या. पुढे अभिरुची पालटली तेव्हा अनेक ठिकाणी वाडे राहिले आणि भिंती गेल्या. काही ठिकाणी वाडेच जळाले किंवा पाडले गेले आणि भिंती व द्वारे तेवढी मागे उरली. कोणती भिंत टिकली आणि कोणती गेली याचा माग काढू लागले की असे दिसते, की श्रीमंतीने जितके मोडले तितके ओढगस्तीने, अनास्थेने आणि निव्वळ उपयुक्ततेने राखले.

या स्थापत्याचे मूळ संरक्षणात आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये घराच्या भिंतीवर चर्या बांधण्यासाठी राजाचा परवाना घ्यावा लागे, कारण चर्यांची भिंत म्हणजे किल्ला, आणि किल्ला कोणाच्या हाती असावा हा राज्याचा प्रश्न होता. नॉरफोक परगण्यातील ऑक्सबर्ग हॉल येथे सर एडमंड बेडिंगफेल्ड यांना असा परवाना १४८२ साली मिळाला आणि त्यांनी खंदकाच्या काठावर सुमारे ८० फूट उंचीची विटांची देवडी, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्या आणि वरचे मजले असलेले द्वारगृह, उभारली. तिचा आविर्भाव लष्करी असला, तरी वरच्या मजल्यांच्या खिडक्या इतक्या मोठ्या आहेत की खऱ्या वेढ्यात तिचा निभाव लागणे कठीण होते. म्हणजे १५ व्या शतकाच्या अखेरीसच द्वारगृहाचे मुख्य काम शत्रूला अडवण्याचे राहिले नव्हते. येणाऱ्याला घराण्याची योग्यता सांगणे हे त्याचे काम झाले होते. वॉरिकशायरमधील चार्लकोट येथील १५५० च्या दशकातील द्वारगृह आकाराने आटोपशीर, दोन मजली आणि उघडपणे शोभेचे आहे. १५७२ साली राणी एलिझाबेथ येथे मुक्कामाला आली तेव्हा ती याच दारातून गेली. यॉर्कशायरमधील बर्टन ॲग्नेस येथे १६१० सालच्या द्वारगृहाला चार कोपऱ्यांवर घुमटाचे अष्टकोनी मनोरे आहेत, पण ते पाहून कोणाच्याही मनात तोफांचा विचार येत नाही. किल्ल्याची भाषा शिल्लक होती, तिचा अर्थ मात्र आता स्वागत असा झाला होता.

हे संक्रमण सर्वांत परिपूर्ण रूपात पाहायचे असेल तर सॉमरसेट परगण्यातील माँटाक्यूट हाउसकडे वळले पाहिजे. सर एडवर्ड फेलिप्स या वकिलाने ते १६ व्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत बांधायला घेतले आणि १६०१ च्या सुमारास ते पुरे झाले. फेलिप्स पुढे १६०४ ते १६११ या काळात हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती होते. रचनेचे श्रेय विल्यम अर्नल्ड या प्रमुख गवंड्याला दिले जाते. दगड जवळच्याच हॅम टेकडीवरचा आहे. हा मधासारख्या पिवळ्या रंगाचा चुनखडक कोरायला सोपा जातो आणि त्यावर दगडफूल धरले की त्याचा रंग अधिकच गडद होतो. वाड्याच्या पूर्वेला, त्या काळच्या मुख्य प्रवेशाच्या बाजूला, एक आयताकृती अंगण आहे. त्याच्या तीन बाजूंना बुटकी भिंत, भिंतीवर कोरीव खांबुल्यांचा कठडा, कठड्यावर ठरावीक अंतराने उभे केलेले निमुळते दगडी सुळके, बाजूंच्या भिंतींच्या मध्यावर खांबांवर तोललेल्या उघड्या घुमट्या, आणि दूरच्या दोन कोपऱ्यांवर दोन मजली मंडप अशी ही रचना आहे. मंडपांची छपरे खाली फुगीर आणि वर आत वळून निमुळती होणारी आहेत, आणि त्यांच्या टोकावर एकमेकांत गुंफलेल्या दगडी कड्यांचा पोकळ गोल बसवला आहे.

या अंगणात पूर्वी एक द्वारगृहही होते. ते आज नाही. तरीही रचनेमागचा विचार स्पष्ट वाचता येतो. किल्ल्याच्या तटाचे कोपरे बुरुजांनी बळकट केलेले असत. येथे बुरुजांच्या जागी खिडक्यांनी भरलेले नाजूक मंडप आले. तटाच्या माथ्यावर चर्या असत. येथे त्यांच्या जागी कठडा आणि सुळके आले. भिंत इतकी बुटकी आहे की बाहेरून येणाऱ्याला आतला वाडा पूर्ण दिसावा, पण त्याने कोठे थांबायचे हेही त्याला कळावे. घोडा कोठे सोडायचा, कोणी कोणत्या दारापर्यंत यायचे आणि यजमान कोणाला सामोरा कोठवर येणार, या साऱ्या शिष्टाचाराला अशा अंगणांनी दगडी चौकट दिली. इंग्लंडमध्ये या काळातील अंगणे थोडी उरली आहेत, आणि त्यांत माँटाक्यूटच्या अंगणाइतके प्रमाणबद्ध दुसरे दाखवणे कठीण आहे.

कोपऱ्यांवरच्या अशा मंडपांचा उपयोग काय होता, याचे उत्तर त्या काळच्या जेवणाच्या पद्धतीत सापडते. १६ व्या आणि १७ व्या शतकांतील इंग्रजी लेखनात 'बँक्वेट' म्हणजे मुख्य जेवणानंतर वेगळ्या जागी घेतला जाणारा गोड पदार्थांचा फराळ. साखर तेव्हा अतिशय महाग होती, म्हणून ती वाढणे हे वैभवाचे प्रदर्शन होते. बदामाच्या लगद्याची मिठाई, पाकवलेली फळे, मसाला घातलेले गोड मद्य आणि साखरेच्याच केलेल्या ताटल्या व पेले असा हा थाट असे. फराळासाठी लाकडाच्या पातळ गोल चकत्या वापरत; त्यांच्या एका बाजूला चित्रे आणि पद्ये रंगवलेली असत, साध्या बाजूवर पदार्थ घ्यायचा आणि तो संपला की चकती उलटून आपल्या वाट्याला आलेले पद्य मोठ्याने वाचायचे, अशी रीत होती. मुख्य दालनातून पाहुणे उठून या फराळासाठी दुसरीकडे जात, आणि हे 'दुसरीकडे' कधी वाड्याच्या गच्चीवरच्या मनोऱ्यात तर कधी बागेच्या टोकाला असे. डर्बीशायरमधील हार्डविक हॉल (१५९०–९७) येथे शूस्बरीची काउंटेस एलिझाबेथ, जी इतिहासात 'हार्डविकची बेस' म्हणून ओळखली जाते, तिने छपरावरच्या एका मनोऱ्यात अशी खोली ठेवली होती. शिवाय बागेच्या भिंतीच्या कोपऱ्यातही एक छोटे उद्यानगृह बांधले होते. या सोयीतला मोठा लाभ एकांताचा होता. मोठ्या वाड्यांत मालक आणि मालकीण रात्रंदिवस नोकरचाकरांच्या गर्दीत वावरत. बागेतून चालत जाऊन दहाबारा जणांनीच बसावे अशी खोली ही त्या काळात खरोखरच दुर्मिळ चैन होती.

ग्लॉस्टरशायरमधील चिपिंग कॅम्पडन येथे या प्रकारची दोन गृहे उभी आहेत, आणि त्यांचा इतिहास अधिक करुण आहे. लंडनमधील रेशमी कापडाचे व्यापारी आणि राजा पहिला जेम्स याचे सावकार सर बॅप्टिस्ट हिक्स यांनी १६१३ च्या सुमारास येथे एक भव्य वाडा बांधला, त्याच्या लांब दगडी चौथऱ्याच्या पूर्व आणि पश्चिम टोकांना एकेक फराळगृह ठेवले आणि गावाकडच्या बाजूला, चर्चशेजारी, फुगीर छपरांच्या देवड्यांचे प्रवेशद्वार केले. पूर्वेकडील गृह उतारावर असल्याने चौथऱ्यावरून एकमजली दिसते, पण मागून पाहिले की त्याचे खालचे मजले उघड होतात. त्याची पिळाची धुराडी आणि छपराच्या कठड्यावरील पट्टीदार नक्षी लंडनच्या श्रीमंतीची साक्ष देतात. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवी युद्धात येथे राजाच्या पक्षाची शिबंदी होती, आणि मे १६४५ मध्ये जागा सोडताना ती शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून त्या सैन्यानेच वाडा जाळला. वाड्याचा आज एक भग्न तुकडा उरला आहे. आगीच्या आचेने तांबूस झालेला दगड अजून ओळखता येतो. फराळगृहे आणि देवड्या मात्र वाचल्या. ज्या इमारती सगळ्यांत हलक्या आणि चैनीच्या होत्या, त्यांची युद्धदृष्ट्या किंमत शून्य होती, आणि तीच त्यांना तारून गेली.

उद्यानगृहाला धर्मश्रद्धेचे रूप देणारा एकच मोठा बांधकामप्रेमी या काळात झाला, तो म्हणजे नॉर्थॅम्प्टनशायरचा सर टॉमस ट्रेशम. कॅथलिक पंथ सोडायला नकार दिल्यामुळे त्याने आयुष्याची अनेक वर्षे तुरुंगात आणि नजरकैदेत काढली आणि जबर दंड भरले. रशटन येथे त्याने १५९३ ते १५९७ या काळात सशांच्या राखणदारासाठी म्हणून एक त्रिकोणी घर बांधले. त्याला तीन बाजू, तीन मजले, तिहेरी पाकळ्यांच्या खिडक्या आहेत आणि प्रत्येक बाजूची लांबी ३३ फूट ४ इंच, म्हणजे शंभर फुटांचा तिसरा हिस्सा आहे. ख्रिस्ती त्रित्वाची ही जाहीर कबुली होती, आणि ती सशांच्या राखणदाराच्या घराआड उभी केली होती. लिव्हडन येथे त्याने क्रुसाच्या आकाराचे उद्यानगृह बांधायला घेतले; वाड्यापासून निघून फळबाग, पाण्याचे कालवे आणि वर चढत जाणाऱ्या वळणदार वाटांच्या मातीच्या टेकड्या ओलांडत तेथे पोहोचायचे होते. १६०५ साली ट्रेशम वारला आणि इमारत बिनछपराची राहिली. ती आजही तशीच आहे. त्याचा मुलगा फ्रान्सिस त्याच वर्षी पार्लमेंट उडवून देण्याच्या प्रसिद्ध कटात सापडला आणि खटल्यापूर्वीच लंडनच्या टॉवरमध्ये मरण पावला. जानेवारी १६०६ मध्ये उरलेल्या कटवाल्यांविरुद्ध सरकारपक्षाची बाजू मांडायला प्रथम उभे राहिले ते माँटाक्यूटचे फेलिप्स. एकाच पिढीतले दोन बागवेडे जमीनदार या खटल्याच्या दोन बाजूंना असे जोडलेले आहेत. लिव्हडनच्या घराण्याची वाताहत झाल्यामुळेच ती बाग पुढे कोणी बदलली नाही; १९४४ साली जर्मन विमानाने घेतलेल्या एका छायाचित्रात तिच्या वर्तुळाकार वाटांच्या खुणा दिसतात, हे २०१० साली लक्षात आले.

सर्वच उद्यानगृहे फराळासाठी नव्हती. डर्बीशायरमधील स्वार्कस्टन येथे हार्पर घराण्याने १६३० च्या सुमारास घुमटीवजा दोन मनोऱ्यांमध्ये खांबांची ओसरी आणि वर एकच खोली असा मंडप बांधला, आणि त्याच्यासमोर भिंतींनी वेढलेले हिरवळीचे मैदान ठेवले. हिशेबात त्याचा उल्लेख चेंडू घरंगळवण्याच्या खेळाच्या मैदानाचे घर असा येतो, आणि रिचर्ड शेपर्ड या गवंड्याला त्यासाठी १११ पौंड १२ शिलिंग ४ पेन्स दिल्याची नोंद आहे. स्वार्कस्टनचा वाडा १८ व्या शतकात पाडला गेला; मैदान, त्याच्या भिंती आणि मंडप उरले. फ्रान्सिस बेकन यांनी १६२५ साली प्रसिद्ध केलेल्या बागांवरील निबंधात आदर्श बागेच्या मधोमध ३० फूट उंचीची टेकडी आणि तिच्यावर धुराड्यांसह फराळगृह असावे असे सुचवले आहे. धुराड्यांचा हा आग्रह इंग्लंडच्या हवामानाचे भान ठेवणारा आहे. ग्रीष्मातले घर म्हटले तरी तेथे शेकोटीची गरज भासते.

आता भिंतीकडे वळले पाहिजे, कारण द्वारे आणि मंडप हे तिचे अलंकार होत; खरे काम भिंत करते. हरणे, ससे, गुरे आणि चोर यांना बाहेर ठेवणे हा तिचा प्राथमिक हेतू होता, पण इंग्लंडच्या अक्षांशावर तिचा खरा उपकार उष्णतेचा आहे. पीच, नेक्टरीन, जर्दाळू आणि अंजीर ही फळे तेथे मोकळ्या वाफ्यात भरवशाने पिकत नाहीत. दक्षिणेकडे तोंड केलेली विटांची भिंत दिवसभर ऊन साठवते, रात्री ते हळूहळू परत देते, वारा अडवते आणि वसंतात मोहोराला हिमाच्या तडाख्यातून वाचवते. म्हणून जेथे दगड मुबलक होता तेथेही बागेच्या भिंतीला आतून विटांचे अस्तर देण्याची पद्धत पडली, कारण वीट दगडापेक्षा लवकर तापते आणि कोरडी राहते. भिंतीच्या माथ्यावर बाहेर आलेली दगडी किंवा विटांची पागोळी असे, जेणेकरून पावसाचे पाणी आणि वरून उतरणारी थंडी फांद्यांपासून दूर राहावी. झाडाची प्रत्येक फांदी पंख्यासारखी पसरून कापडाच्या चिंध्या आणि खिळ्यांनी भिंतीवर बांधली जाई. दरवर्षी हे खिळे काढून नव्याने ठोकत, म्हणून जुन्या बागभिंतींचे चुन्याचे सांधे भोकांनी भरलेले दिसतात. उत्तरेकडील सावलीची बाजूही वाया जात नसे. मोरेलो जातीची आंबट चेरी तेथे चांगली येते.

अशा भिंतींमुळे विटा रचण्याची एक स्वतंत्र पद्धतच रूढ झाली, आणि तिला बागभिंतीचेच नाव आहे. बागेची साधी भिंत एका विटेच्या जाडीची, म्हणजे सुमारे ९ इंचांची असते, आणि तिची दोन्ही अंगे दिसणारी असतात. हाताने पाडलेल्या आणि भट्टीत भाजलेल्या विटा एकसारख्या लांबीच्या नसत. भिंतीच्या आरपार बसणारी वीट थोडी लांब किंवा आखूड निघाली की तिचा दोष एका अंगावर उमटे. म्हणून गवंडी आरपार विटांचे प्रमाण कमी करत आणि लांबी दिसेल अशा विटांचे सहसा तीन थर देऊन मग एक थर आरपार विटांचा घेत. दोन्ही अंगे साफ दिसत आणि काम लवकर उरके. मजबुती थोडी कमी होई, पण बागेच्या भिंतीवर छपराचा भार नसल्यामुळे ते चालून जाई. सफोक परगण्यात याहून पुढची काटकसर दिसते: तेथील नागमोडी भिंती कमी जाडीच्या असूनही आधाराच्या खांबांवाचून उभ्या राहतात, कारण वळणे स्वतःच तिरका दाब पेलतात, आणि दक्षिणेकडच्या प्रत्येक खोबणीत एकेक फळझाड उबेला बसते. पूर्व इंग्लंडचा हॉलंडशी जवळचा व्यापारी आणि तांत्रिक संबंध होता, आणि अशा भिंती हॉलंडमध्येही आढळतात.

ऊन पुरेना तेव्हा गणिताची आणि आगीचीही मदत घेतली गेली. न्यूटनचे स्नेही, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले गणितज्ञ निकोला फातिओ द द्युइलिए यांनी १६९९ साली एक पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले, की फळभिंत उभी न बांधता सूर्याच्या दिशेने कललेली बांधावी, म्हणजे किरण तिच्यावर अधिक सरळ पडतील. गणित बरोबर होते, पण ते व्यवहारात रूढ झाले नाही. कललेल्या भिंतीवर पाऊस आणि दवही सरळच पडते. आग अधिक उपयोगी ठरली. १८ व्या शतकात पोकळ भिंती बांधून त्यांच्या पोटातून धुराच्या नागमोडी वाटा नेण्याची आणि मागच्या बाजूच्या भट्टीत कोळसा जाळण्याची पद्धत पसरली, आणि रात्री भट्टी पेटती ठेवणे हे बागेतल्या उमेदवार पोरांचे काम असे. वॉरिकशायरमधील पॅकवुड हाउसची भिंतींनी वेढलेली बाग या सगळ्या उपयोगांचे एकत्र दर्शन घडवते: चार कोपऱ्यांवर वेगवेगळ्या काळांत बांधलेली चार विटांची उद्यानगृहे, आणि दक्षिणमुखी भिंतीत ओळीने ठेवलेले कोनाडे, ज्यांत गवताच्या वळलेल्या टोपल्यांतील मधमाश्यांची पोळी पावसापासून सुरक्षित राहत.

१६८८ नंतर, तिसरा विल्यम आणि मेरी यांच्या कारकिर्दीत, भिंतीच्या एकसंधपणाला पहिला तडा गेला, आणि तो लोहारांनी दिला. ज्याँ तिजू या फ्रेंच कारागिराने १६९० च्या सुमारास हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यासाठी घडीव लोखंडाचे, म्हणजे तापवून हातोड्याने आकार दिलेल्या लोखंडाचे, पानाफुलांनी लगडलेले जाळीपट तयार केले आणि १६९३ साली आपल्या रचनांचे पुस्तक छापले. इंग्रज लोहारांनी ही कला झपाट्याने आत्मसात केली. डर्बीच्या रॉबर्ट बेकवेल याने मेलबर्न हॉलच्या बागेत लोखंडी पट्ट्यांचा घुमटाकृती लतामंडप घडवला, ज्याला तेथील लोक पक्ष्याचा पिंजरा म्हणतात. वेल्सच्या सीमेवरील बर्शम येथील डेव्हिस बंधूंनी १७१२ ते १७१९ या वर्षांत चर्क किल्ल्याची भव्य दारे घडवली. लोखंडी दारामुळे भिंतीतून आरपार नजर जाऊ लागली. यातूनच भिंतीच्या टोकाला, वाटेच्या सरळ रेषेत, लोखंडी जाळीची मोठी खिडकी ठेवण्याची फ्रेंच-डच रीत इंग्लंडमध्ये आली. ग्लॉस्टरशायरमधील वेस्टबरी कोर्ट येथे मेनार्ड कोल्चेस्टर याने १६९६ ते १७०५ या काळात केलेल्या बागेत, लांब कालव्याच्या एका टोकाला खाली उघडी ओसरी आणि वर एक उंच खोली असलेला मंडप, आणि दुसऱ्या टोकाला भिंतीतली ही जाळी, अशी रचना आहे. त्याच बागेत भिंतीलगत एक गझीबोही आहे; गझीबो म्हणजे भिंतीच्या उंचीवर खोली असलेले छोटे घर, ज्यातून एका खिडकीतून बाग आणि दुसरीतून हमरस्त्यावरची ये-जा पाहता येते.

या भिंतींच्या जगाचे शेवटचे संपूर्ण चित्र लेओनार्ड क्नाइफ आणि योहानेस किप या दोन डच चित्रकारांनी नोंदवून ठेवले. १७०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'ब्रिटानिया इलुस्ट्राटा' या चित्रसंग्रहात जमीनदारी वाडे आकाशातून पाहिल्यासारखे दाखवले आहेत, आणि प्रत्येक पानावर अंगणामागून अंगण, भिंतीमागून भिंत, द्वारामागून द्वार असा पसारा आहे. त्यांतला बर्कशायरमधील हॅमस्टेड मार्शल येथील अर्ल ऑफ क्रेव्हन यांचा वाडा १७१८ साली आगीत गेला. त्याच्या दारांचे नक्षीदार खांब, डोक्यावर दगडी कलश घेऊन, जोडीजोडीने आजही शेतात उभे आहेत. किपचे चित्र हाताशी नसेल तर ते कोणत्या अंगणाकडे उघडत होते हे ओळखता येणार नाही.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत या पसाऱ्यातील बराचसा भाग मुद्दाम पाडला गेला. नव्या अभिरुचीला वाड्याच्या खिडकीतून कुरण, झाडांचे पुंजके आणि तळे अखंड दिसायला हवे होते. गुरांना तर अडवायचेच होते, म्हणून भिंत जमिनीत उतरली: वाड्याच्या बाजूला सरळ दगडी वा विटांची भिंत आणि बाहेरच्या बाजूला गवताचा उतार असा कोरडा चर खणला, की आतून पाहणाऱ्याला अडथळा दिसत नाही आणि मेंढी वर चढू शकत नाही. या चराला इंग्रजीत 'हा-हा' म्हणतात, आणि स्टो येथील चार्ल्स ब्रिजमनच्या कामामुळे तो देशभर पसरला. लान्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) याने १७५७ पासून लाँगलीट येथील जुनी आखीव बाग मोडून तेथे हिरवळ वाड्याच्या पायरीपर्यंत आणली, आणि असेच अनेक ठिकाणी केले. ब्राउनला केवळ विध्वंसक ठरवणे मात्र बरोबर नाही. बर्ली येथे त्यानेच जुन्या एलिझाबेथकालीन धाटणीचे मनोरेदार उद्यानगृह बांधले, म्हणजे या स्थापत्याची गोडी त्याला कळत होती.

शिवाय भिंत गेली ती नजरेआड गेली, देशातून गेली नाही. श्रीमंतांना पीच आणि अंजीर हवेच होते. म्हणून वाड्यापासून दूर, झाडांच्या पडद्यामागे, एकरावारी जागेला बारा-चौदा फुटी भिंती घालून भाजी-फळांची बाग उभारली गेली, आणि १७५० ते १९०० या काळात इंग्लंडमध्ये आधीच्या दोन शतकांपेक्षा अधिक बागभिंत बांधली गेली असावी. १७८४ साली विटांवर लागलेला आणि १८५० साली उठलेला करही तिला रोखू शकला नाही. वुस्टरशायरमधील क्रूम कोर्ट येथे १९ व्या शतकाच्या आरंभी बांधलेली, पाच भट्ट्यांनी तापवायची स्वतंत्र भिंत या उद्योगाचा आवाका दाखवते. फरक इतकाच, की या भिंतींना मंडप, सुळके आणि घुमट्या मिळाल्या नाहीत. मालक तेथे पाहुण्यांना क्वचितच नेत, आणि जेथे माळी राबतो तेथे शोभा कशाला, असा हिशेब होता. फळे ताटात दिसावीत आणि श्रम कोठेही दिसू नयेत, हा त्या हिशेबाचा दुसरा भाग, आणि तो सुंदर निसर्गचित्रांच्या वर्णनांत सहसा सांगितला जात नाही.

जुनी अंगणे वाचली ती अशा ठिकाणी, जेथे नवी फॅशन परवडली नाही किंवा प्रवेशाची दिशाच बदलली. माँटाक्यूट हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे. १७८६ साली तेव्हाच्या एडवर्ड फेलिप्सने क्लिफ्टन मेबँक या पाडल्या जाणाऱ्या वाड्याची कोरीव दर्शनी बाजू विकत घेऊन आपल्या घराच्या पश्चिम अंगाला बसवली आणि मुख्य दार तिकडे नेले. पूर्वेकडील अंगणातून गाड्या येणे थांबले, ते वाड्यामागची शांत बाग झाले, आणि गाड्यांना वळायला जागा हवी म्हणून त्याच्या भिंती पाडण्याचे कोणाला कारणच उरले नाही. प्रवेशद्वारे कधी प्रवासही करत: इनिगो जोन्स यांनी १६२१ साली चेल्सीतील ब्यूफोर्ट हाउससाठी रचलेले द्वार १७३८ साली सर हॅन्स स्लोन यांनी लॉर्ड बर्लिंग्टन यांना दिले, आणि ते चिझिक हाउसच्या बागेत दगड दगड जुळवून पुन्हा उभे राहिले.

१८९२ साली रेजिनल्ड ब्लूमफील्ड यांचे इंग्लंडमधील आखीव बागांवरचे पुस्तक एफ. इनिगो टॉमस यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले आणि या स्थापत्याकडे पुन्हा लक्ष वळले. बाग ही वास्तुरचनाकाराची आहे असे ब्लूमफील्ड यांचे म्हणणे होते. विल्यम रॉबिन्सन या उद्यानतज्ज्ञाने त्याच वर्षी पुस्तक लिहून त्याला कडाडून विरोध केला. वादात दोघांचीही बाजू एकांगी होती, पण त्यामुळे जुन्या भिंतींची मापे घेतली गेली, चित्रे काढली गेली आणि डॉर्सेटमधील ॲथेलहॅम्प्टन येथे टॉमस यांनी माँटाक्यूटच्या मंडपांवर बेतलेले दोन मंडप बांधले. माँटाक्यूट १९१५ पासून भाड्याने घेऊन तेथे राहिले ते लॉर्ड कर्झन. भारताचे व्हाइसरॉय असताना त्यांनी १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा केला होता, ज्याखाली महाराष्ट्रातील अनेक लेणी आणि किल्ले संरक्षित झाले. मायदेशी परतल्यावर १९११ साली त्यांनी टॅटरशल किल्ला विकत घेऊन त्याच्या उखडून विकलेल्या शेकोट्यांच्या दगडी चौकटी परत मिळवल्या आणि इंग्लंडमधील १९१३ च्या स्मारक कायद्यासाठी जोर लावला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९३१ साली, अर्नेस्ट कुक यांच्या देणगीतून माँटाक्यूट हे ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आले. वेस्टबरीची बाग, तिच्या शेजारी एकामागून एक बांधलेले वाडे पाडले गेल्यावर, १९६७ साली ट्रस्टकडे आली. तिची पुनर्लागवड कोल्चेस्टरच्या हिशेबवह्यांतील झाडांच्या नोंदींवरून करण्यात आली. कॅम्पडनची फराळगृहे आणि स्वार्कस्टनचा मंडप लँडमार्क ट्रस्टने दुरुस्त करून मुक्कामासाठी खुले केले, आणि इमारतीला वापर मिळाला की तिचे छप्पर गळत नाही, हे त्यातून दिसून आले.

कायद्याने आज संरक्षित वाड्याच्या आवारातील, १ जुलै १९४८ पूर्वीपासून असलेल्या भिंती आणि द्वारांनाही वाड्याबरोबरच संरक्षण मिळते, आणि १९८३ च्या कायद्यापासून ऐतिहासिक बागांची स्वतंत्र नोंदवही आहे. भिंतींचा खरा शत्रू आता वेगळाच आहे. २० व्या शतकात पुष्कळ बागभिंतींचे सांधे सिमेंटने भरले गेले. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, ती मऊ जुन्या विटेत साठते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि विटेच्या दर्शनी अंगाचे पापुद्रे सुटतात. उपाय जुनाच आहे: सिमेंट छिन्नीने हळूच काढून चुन्याने सांधे भरणे. चुना हळू घट्ट होतो आणि ओला असताना हिम पडले तर भुगा होतो, म्हणून हे काम वसंताच्या अखेरीपासून शरदाच्या आरंभापर्यंतच करता येते, आणि हजारो फूट लांबीच्या भिंती असलेल्या जागी ते वर्षानुवर्षे, थोड्या थोड्या पट्ट्यांत चालू ठेवावे लागते.